चावली नाही, नुसतं चाटलं

माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पहिल्या पेरापर्यंतच आहे. लोक विचारतात, मशीनमध्ये गेली का. मी घाटकोपर पूर्वेला राहत्या घरातच ब्लाऊज शिवते, त्यामुळे त्यांना तसंच वाटणार. आधी मी सरळ हो म्हणायचे. खरं सांगायला बसलं की अर्धा तास जातो, आणि शेवटी समोरची बाई कुत्र्यांवर घसरते. ते मला चालत नाही.

पण मध्ये ओपीडीत एक बाई भेटली. तिचीही माझ्यासारखीच स्प्लीन काढलेली, आणि तिला त्याबद्दल काहीएक माहीत नव्हतं. ती शांतपणे वेफर्स खात बसली होती. तिला पाहून मला स्वतःचाच राग आला. म्हणून हे लिहितेय. मी काही लेखिका नाही, जशी बोलते तशी लिहिणार.

पोटातली गेलेली वस्तू

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. चाळीतल्या खोलीत पोटमाळ्यावरून पिंप उतरवताना शिडी सरकली आणि मी मोरीच्या कठड्यावर आपटले. डाव्या बरगड्यांखाली स्प्लीन असते, मराठीत प्लीहा. ती आतच फुटली. ऑपरेशन करून काढून टाकली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हिच्याशिवाय माणूस मजेत जगतो, पण आजाराशी लढणारं एक ठाणं तुमच्या अंगातून गेलंय. काही लशी घ्या, आणि साधा ताप आला तरी घरी बसू नका. तसं एका कागदावर लिहूनही दिलं.

लस एकदा घेतली. चाळ सोडून इथे राहायला आलो तेव्हा तो कागद हरवला. पुढे सायली झाली, सासूबाईंचं आजारपण झालं, मशीन घेतलं, कामं वाढली. तीस वर्षांत मला काही झालं नाही. सर्दी झाली तरी आल्याचा चहा प्यायले की बरी व्हायचे. अंगातून काढलेल्या वस्तूची कोण आठवण ठेवतं? व्रण तेवढा आंघोळीला दिसायचा.

आमच्या घरातला नियम

आमचे हे, म्हणजे अनंत, मरोळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. तोंडातून शब्द काढायला पैसे पडतात असा माणूस. मूळ गाव कुडाळजवळ. त्यांचा थोरला भाऊ तेराव्या वर्षी कुत्रं चावून गेला. घरात कुणाला कळलंच नाही, तो पाण्याला घाबरायला लागला तेव्हा कळलं, आणि मग हातात काही उरलं नव्हतं. एवढंच मला सासूबाईंनी सांगितलं होतं. ह्यांनी स्वतः कधी विषय काढला नाही.

पण कुत्रं म्हटलं की ह्यांचा चेहरा उतरायचा. समोरून आलं तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. सायली लहानपणी पिल्लासाठी दोन दिवस जेवली नव्हती, तरी हे विरघळले नाहीत. मीही कधी हट्ट धरला नाही. ज्याचं जळलंय त्यालाच माहीत, असं म्हणून सोडून द्यायचे.

आणि तरीही मी चिंगीला खाऊ घालायचे. बिल्डिंगच्या मागे मीटरच्या खोलीपाशी ती राहायची. तपकिरी रंगाची, एक कान पडलेला. हे कामाला गेले की दुपारी मी खाली जाऊन तिला शिळी पोळी आणि दूध द्यायचे. चोरून. चौपन्न वर्षांची बाई, नवऱ्यापासून लपवून कुत्रीला पोळी घालते. मला त्यात मजाही यायची, खोटं का बोलू?

सोमवार

त्या सोमवारी मशीनची सुई डाव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसली. शिवणाऱ्या बाईला हे नवीन नाही. सुई ओढून काढली, बोट नळाखाली धरलं, हळद लावली आणि ब्लाऊज पुरा केला. दुपारी पोळी घेऊन खाली गेले. पोळी कुस्करताना बोटातून परत रक्त आलं. चिंगीने पोळी सोडली आणि बोट चाटायला लागली. मी हात मागे घेतला नाही.

का नाही घेतला, ते सांगते. आमच्या माहेरी, देवगडकडे, माझे वडील शेतातून आले की पायाच्या भेगा कुत्र्याला चाटू द्यायचे. कुत्र्याच्या जिभेत औषध असतं म्हणायचे. कुत्रं स्वतःची जखम चाटूनच बरी करतं ना, मग आपली का नाही करणार? हे मी लहानपणापासून ऐकलेलं. मी तिथे पायरीवर बसून, चांगली मिनिटभर, तिला ते बोट चाटू दिलं. मला बरंही वाटलं.

सायली त्या दिवशी घरून काम करत होती. ती मला शोधत खाली आली आणि ओरडली, "आई, ईऽ, रक्त येतंय आणि ती चाटतेय. वेडीबिडी आहेस का तू?"

"काही होत नाही गं. तिला लस टोचलीय, कानाला खूण केलीय बघ. आणि चावली नाहीये, नुसतं चाटतेय."

"बाबांना कळलं ना, वाट लागेल तुझी."

"कळणार कसं? तू बोललीस तर माझी शपथ आहे तुला."

ती हसली. मीही हसले. आमच्यात शपथ घालायची सवयच आहे, दिवसाला चार पडतात. पण सायलीच्या मनात ती लहानपणापासून पक्की बसलीय. ज्याची शपथ मोडली तो मरतो, आणि सोडवायची तर ज्याने घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं. सत्तावीस वर्षांची झाली, अंधेरीला चांगल्या नोकरीत आहे, तरी आईची शपथ म्हटलं की गप्प होते.

ताप

गुरुवारी संध्याकाळी हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तापाची गोळी दिली, म्हणाले व्हायरल आहे, सगळीकडे चालू आहे. त्यांना मी स्प्लीनचं सांगितलं नाही. लपवलं नाही, खरंच आठवलं नाही.

शुक्रवारी सकाळी उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच जणू. उलट्या झाल्या. सायलीने गाऊन वर केला आणि तिचा चेहराच बदलला. मांड्यांवर जांभळे चट्टे आले होते, शाई सांडल्यासारखे. मी म्हणत होते की मला शनिवारी एका मुलीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज द्यायचाय. ह्यांनी मला उचलून रिक्षात घातलं. तीस वर्षांत ह्यांनी मला उचललेलं मला आठवत नाही.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण भराभर विचारत होती. मलेरिया झाला होता का? साचलेल्या पाण्यातून चाललात का? गावाला गेला होतात? आणि मग तिने विचारलं, "घरात प्राणी आहे? कुत्रं, मांजर काही चावलंय?"

मी म्हटलं, "नाही."

हे शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "आमच्याकडे कुत्र्याचं नावपण काढत नाहीत."

मला अजून तो क्षण जसाच्या तसा आठवतो. डोकं जड होतं, पण एवढं कळत होतं की आपण उत्तर चोरतोय. मनाची समजूत घातली की चावली कुठे आहे, चाटलं तर आहे नुसतं. सायली माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून डोळे वटारले. त्या डोळे वटारण्याने माझी बोटं गेली असतील का? डॉक्टर म्हणतात, तसं कुणी सांगू शकत नाही. मला मात्र ते रोज आठवतं.

आयसीयू

तिथे दिवस-रात्र काही नसतं. पांढरा उजेड, मशीनचा टिकटिकाट, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी तुमचा हात हातात घेतं, पण सुई टोचायला. ब्लड प्रेशर खाली चाललं होतं. किडनीचं काम मंदावलं होतं. संसर्ग रक्तात गेलाय एवढं त्यांना कळलं होतं, औषधं चालू केली होती, पण आलाय कुठून ते सापडत नव्हतं. मला मरणाची भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. खूप वाटली. देवाबिवाचं काही सुचलं नाही. सायलीचं लग्न व्हायचंय आणि ह्यांना साधा भात लावता येत नाही, एवढंच सारखं मनात येत होतं.

सिस्टर मंगलोरकडच्या होत्या. त्या माझ्या ओठांवर ओला कापूस फिरवायच्या आणि मोडक्या मराठीत म्हणायच्या, "मावशी, मी आहे इथे." तेवढंच. पण त्या 'इथे'वर मी तासन्‌तास काढले.

शनिवारी दुपारी चारच्या भेटीला सायली एकटी आत आली. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, मला डॉक्टरांना सांगू दे. शपथ सुटली म्हण."

तोंडावर मास्क होता. काचेच्या पलीकडे हे उभे दिसत होते, हातात माझी चप्पल घेऊन. चप्पल कशाला धरली होती देव जाणे. मी मान हलवली. नाही म्हणून.

"आई, फक्त सुटली म्हण ना गं."

मी परत मान हलवली. मरायला टेकले होते आणि मला काळजी कसली, तर ह्यांना कुत्र्याचं कळेल याची. हे वाचून हसू नका. घराघरांत असंच चालतं.

सायली सरळ झाली. मला म्हणाली, "मग नको म्हणूस." आणि बाहेर गेली. तिच्या समजुतीप्रमाणे ती त्या दाराबाहेर मला मारायला निघाली होती, आणि मला वाचवायलाही तीच निघाली होती. तिने डॉक्टरीणबाईंना गाठलं आणि बाबांच्या देखत सगळं सांगितलं. सुई, बोट, चिंगी. आणि पोटावरचा व्रण कसला ते. हे तिथेच जमिनीवर बसले.

आजारी नसलेलं कुत्रं

पुढचं मला नंतर कळलं. डॉक्टरीणबाई धावतच आल्या, माझा व्रण पाहिला, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. औषधात बदल केला. लॅबला सांगितलं की रक्ताची बाटली लवकर फेकू नका, हा जंतू सावकाश वाढतो. पाचव्या दिवशी तो सापडला. त्याचं नाव इतकं लांब आहे की मी अजून पाठ करू शकले नाही.

ह्यांनी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, "रेबीज आहे का?"

"नाही काका. रेबीज नाहीये. हा जंतू धडधाकट कुत्र्यांच्या तोंडात असतोच. त्यांना त्याचा काही त्रास नाही. आपल्यालाही सहसा नसतो. लाखो लोकांना कुत्री चाटतात, काही होत नाही. काकूंची स्प्लीन नाही ना, म्हणून त्यांच्या जिवावर बेतलं."

"म्हणजे कुत्रा आजारी नाही?"

"अजिबात नाही."

"आणि माणूस मरायला टेकतो?"

ह्यांना ते पटेना. पटणार कसं? ह्यांच्या हिशोबात कुत्रं पिसाळतं, मग चावतं, मग माणूस जातो. लस टोचलेल्या, शेपटी हलवणाऱ्या कुत्रीच्या तोंडात माझं मरण आनंदाने नांदत होतं, हे मलाही कळायला वेळ लागला. चिंगीचा काहीच दोष नव्हता. ती जशी आहे तशी होती. दोष कुणाचा असेल तर माझ्या लपवाछपवीचा.

कुत्रं चावलं की त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवायची, ते जगलं तर माणूस सुटला, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. डॉक्टरांनी गरज नाही सांगूनसुद्धा ह्यांनी ते सुरू केलं. जो माणूस कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडायचा, तो रोज सकाळी मीटरच्या खोलीपाशी जाऊन लांबून चिंगीला बघायचा. सोसायटीचा वॉचमन सांगत होता, साहेब थरथरायचे, पण यायचे. मग भेटीच्या वेळी माझ्या खाटेशी उभे राहून ह्यांचं एकच वाक्य असायचं.

"आहे आज पण. शेपटी हलवते."

ह्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही की तू लपवलंस का. मला वाटायचं, रागवावं एकदा, मोकळं व्हावं. पण नाही.

बोटं

जगणार हे नक्की झालं तेव्हा बोटांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. ब्लड प्रेशर पडलं तेव्हा टोकापर्यंत रक्तच पोचलं नव्हतं, त्यामुळे दोन्ही हातांच्या बोटांची टोकं काळी पडली होती, पायाची तीन बोटंही. डॉक्टर म्हणाले घाई करायची नाही, वाट बघू, शरीर स्वतःच ठरवतं किती ठेवायचं. आम्ही दीड महिना वाट बघितली. उजवा हात परत आला. रोज एकेक बोट गुलाबी होताना बघणं म्हणजे काय असतं, ते मला सांगता येणार नाही. सिस्टरही बघायला यायच्या. डाव्या हाताची दोन काही आली नाहीत. पायाची तीनही गेली.

ऑपरेशनच्या आधी मी ढसाढसा रडले. दोन तुकड्यांसाठी काय रडायचं, असं शेजारची पेशंट म्हणाली. तिला मी चांगलंच सुनावलं. ब्लाऊजचं कापड डाव्या हाताच्या त्याच दोन बोटांनी ताणून धरतात, बाई. तिला काय कळणार.

आता मी मशीन चालवते. आधी आठवड्याला होणारं काम आता दोन आठवड्यांत होतं. हुक आणि हातशिलाई शेजारच्या मुलीकडे देते. ज्यांची स्प्लीन काढलीय त्यांना हात जोडून सांगते, लशी घ्या, एक चिठ्ठी कायम पर्समध्ये ठेवा, आणि ताप आला की कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही पहिलं वाक्य तेच सांगा. कुत्र्यावर माया करा, पण उघड्या जखमेला त्याचं तोंड लागू देऊ नका. लागलंच तर साबणाने खळखळून धुवा आणि डॉक्टरांकडे जा. माझ्या वडिलांना जिभेतलं औषध लाभलं. मला नाही लाभलं.

सायली

हे सगळं झालं तरी घरात एक गोष्ट नीट होत नव्हती. सायली माझ्या हाताकडे बघायची नाही. ड्रेसिंग बदलताना मान वळवायची. जेवण अर्धं टाकायची. ऑफिसमधून आली की दार लावून घ्यायची. मी एकदा जबरदस्तीने तिला समोर बसवलं, हे पेपर वाचत होते, कुकर लावलेला होता. म्हटलं, काय आहे ते बोल.

ती म्हणाली, "मला शुक्रवारी सकाळीच माहीत होतं. त्या डॉक्टरने विचारलं तेव्हा मी तिथेच उभी होते. मी दीड दिवस गप्प बसले, आई. शपथ काय, लहान मुलांसारखं. मी तेव्हाच बोलले असते तर तुझी बोटं असती."

"अगं, मीच तर डोळे वटारले."

"तू तापात होतीस. मी नव्हते."

खोटं सांगून तिची समजूत घालणं मला नको होतं, आणि खरं काय ते कुणालाच माहीत नाही. मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. सायलीकडे बघून म्हणाले, "माका म्हायत होता."

हे घरात मालवणी बोलत नाहीत, सासूबाई गेल्यापासून तर नाहीच. सायलीला वाटलं माझ्याबद्दल बोलताहेत. "काय माहीत होतं बाबा?"

"दादाला चावलं ते. वाडीच्या खालच्या अंगाला, पिल्लू होतं एक. मी बरोबर होतो. पोटरीला एवढंसं लागलं होतं. आमच्या वडिलांनी कुत्र्यांशी खेळायचं नाही म्हणून ताकीद दिली होती. दादा म्हणाला, आबांना बोललास तर माझी शपथ आहे. मी नऊ वर्षांचा होतो. बोललो तर दादा मरेल, म्हणून नाही बोललो."

कुकरची शिट्टी झाली. कुणीही उठलं नाही.

"मग तो पाणी बघून ओरडायला लागला. डॉक्टरने सगळ्यांना विचारलं, कुत्रं चावलं होतं का कधी. मी दाराआड होतो. तेव्हापण नाही बोललो. तो गेला. मग आईला सांगायचं राहिलं, आबांना सांगायचं राहिलं. हिलाही सांगितलं नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सायलीकडेच बघत होते. "तू दीड दिवसाने का होईना, बोललीस ना? आई आहे बघ समोर. बसलीय. मला शिव्या घालते रोज."

तीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपले. मी समजत होते ह्यांना कुत्र्याची भीती वाटते.

सायली उठून त्यांच्यापाशी गेली आणि जमिनीवर बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. लहान होती तेव्हाही असं करायची नाही. ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो कसा ठेवायचा हे नीट न कळल्यासारखा. मी तिथून हलले नाही. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. चौथीला मी उठून गॅस बंद केला, आणि ओट्याला टेकून आधी त्या तेरा वर्षांच्या मुलासाठी रडले, आणि मग दाराआड उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी.